चार खंड, चार स्त्रिया : जुनी युरोपीय रूपकात्मक छापचित्रे कशी वाचावीत

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात छापले गेलेले नकाशासंग्रह, प्रवासवर्णने आणि भूगोलाचे ग्रंथ उघडले की पहिल्याच पानावर बहुधा चार स्त्रियांची भेट होते. एकीच्या डोक्यावर मुकुट असतो, दुसरीच्या हातात धूपपात्र, तिसरीच्या अंगावर तुटपुंजे वस्त्र आणि चौथीच्या डोक्यात पिसे. या अनुक्रमे युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका. कोणत्याही एका जिवंत बाईचे हे चित्र नसते. संपूर्ण भूखंड, तेथील माणसे, पिके, प्राणी आणि त्यांच्याविषयीचा छापणाऱ्याचा समज, हे सारे एका देहात कोंबलेले असते. अशा चित्राला रूपकात्मक छापचित्र म्हणतात. ते नुसते पाहून सोडले तर शोभेचे वाटते, आणि नीट वाचले तर ज्या शहरात ते छापले गेले त्या शहराचे मन त्यात उघडे पडते. कोल्हापुरात चित्रकला, इतिहास किंवा जुने नकाशे यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे वाचन स्वतः करता यावे, यासाठी त्याची पद्धत येथे सांगितली आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला या कामाची अर्धी तयारी आधीच असते. अंबाबाईच्या मूर्तीच्या हातांतील महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र पाहून ही महालक्ष्मी आहे हे ज्याला ओळखता येते, त्याला आयुधे, वाहन आणि मस्तकावरील चिन्ह यांवरून आकृती ओळखण्याची रीत वेगळी शिकवावी लागत नाही. युरोपीय रूपकचित्रे याच रीतीने चालतात. मात्र चिन्हांचा कोश तेथे निराळा आहे, आणि आपला कोश नकळत लावल्यास घोटाळा होतो. हत्तीच्या मस्तकाचे शिरस्त्राण घातलेली स्त्री दिसली की आपल्या मनात गणपती येतो; ती असते आफ्रिका, आणि तिचे ते शिरस्त्राण रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवरून आलेले असते. शेजारी सिंह असला म्हणून ती दुर्गाही नव्हे. समुद्रातून वर आलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या हातातील त्रिशूळ शंकराचा नसून रोमन समुद्रदेव नेपच्यूनचा, म्हणजे ग्रीकांच्या पोसायडनचा असतो. या देवाची एक छोटी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली असून ती भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणून चित्रांकडे वळण्यापूर्वी त्या संग्रहालयात एक फेरी मारून यावी, असे मी सुचवीन.

चित्र कोठून मिळवावे

मूळ छापचित्र हाती असणे ही चैन आहे, गरज नाही. ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन म्युझियम आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर अशी हजारो चित्रे मोठ्या आकारात पाहता येतात, आणि नकाशांसाठी डेव्हिड रम्सी यांचा संग्रह विशेष उपयोगी पडतो. चित्र उतरवून घेताना त्यासोबतची नोंदही त्याच फायलीत जपून ठेवावी. फिरत फिरत मोबाइलवर आलेले, कडा कापलेले आणि खालची अक्षरे गेलेले चित्र अभ्यासाला निरुपयोगी असते, कारण निम्मी माहिती त्या कडांवरच असते.

आधी छपाई ओळखावी

चित्रात काय आहे हे पाहण्यापूर्वी ते कसे छापले आहे हे ठरवावे. लाकडी ठशात न लागणारा भाग कोरून काढतात आणि उरलेल्या उंच रेषेला शाई लागते. त्यामुळे रेषा जाड असते आणि ठसा पुस्तकाच्या अक्षरांबरोबर एकाच दाबात छापता येतो. ताम्रपटावरील कोरीव कामात याच्या उलट असते. ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने तांब्यात चर पाडतात, चरात शाई भरून पृष्ठभाग स्वच्छ पुसतात आणि ओलसर कागद त्यावर रुळांच्या यंत्राने जोराने दाबतात. रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी पुन्हा निमुळती होत असेल, तर ते ब्युरिनचे काम समजावे. सगळीकडे सारख्याच जाडीची, हाताने सहज फिरवल्यासारखी रेषा असेल, तर पत्रा आम्लात खाऊ दिलेला असतो. त्याला एचिंग म्हणतात. कित्येक चित्रांत दोन्ही पद्धती एकत्र असतात. मूळ प्रत हातात असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. गुजरीत सराफ वापरतात तसले दहापट भिंग लावल्यावर रेषांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे, हे निश्चित.

युरोपात ही विद्या सोनारकामातून आली. आपल्या भागालाही ती पुढे परकी राहिली नाही. पुण्यात नाना फडणविसांच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याची खटपट सुरू झाली आणि नानांच्या मृत्यूनंतर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ताम्रपटांवरून भगवद्गीता छापली गेली. मिरज कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून या गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवले नाही.

छपाईची जाणीव ठेवण्याचे कारण असे की पत्र्यावरील चित्र कागदावर उलटे उमटते. त्यामुळे एखादी आकृती डाव्या हाताने तलवार धरताना दिसली, तर त्यात लगेच गूढ अर्थ शोधू नये. कोरणाऱ्याने मूळ रेखाटन जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले असेल, एवढेच. एका छापचित्रावरून दुसऱ्याने नक्कल केली की चित्र पुन्हा उलटते. डावी-उजवी बाजू बदललेली दोन चित्रे शेजारी ठेवली की नकलेचा संशय घेण्यास जागा मिळते.

खालची ओळ

चित्राच्या तळाशी बारीक लॅटिन अक्षरांत नावे असतात. नावापुढे इन्व्हेनिट असेल तर त्या माणसाने चित्राची कल्पना केली, डेलिनिआव्हिट असेल तर रेखाटन केले, स्कल्प्सिट असेल तर पत्रा कोरला आणि एक्सकुडिट असेल तर चित्र छापून प्रसिद्ध केले. हे शब्द बहुधा तोडून लिहिलेले असतात. ही चार कामे चार माणसांची असू शकतात, आणि पुष्कळदा त्यांपैकी एकानेही चित्रातला देश पाहिलेला नसतो, ही बाब प्रत्येक वेळी तपासून वहीत लिहावी. प्रकाशकाचे नाव बदलून तोच पत्रा तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा छापलेला आढळतो. तेव्हा ग्रंथाच्या वर्षावरून चित्राचे वर्ष ठरवू नये.

उदाहरणादाखल थिओडोर द ब्राय हा कोरणारा आणि प्रकाशक घ्यावा. फ्रँकफुर्टमधून १५९० पासून त्याने अमेरिकेच्या प्रवासवर्णनांची जी सचित्र मालिका काढली, तिने कित्येक पिढ्यांच्या मनात अमेरिकेचे रूप ठसवले; द ब्राय स्वतः अमेरिकेला कधीच गेला नव्हता. पहिल्या भागासाठी त्याला इंग्रज चित्रकार जॉन व्हाइटची प्रत्यक्ष पाहून केलेली जलरंगचित्रे मिळाली होती. ती चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि पत्र्यावरील आवृत्तीशी ताडून पाहता येतात. व्हाइटची माणसे कोरताना द ब्रायने त्यांना ग्रीक-रोमन पुतळ्यांचे स्नायू आणि पवित्रे दिले. ही तुलना नवशिक्याने अवश्य करावी, कारण पाहिलेले आणि छापलेले यांच्यात किती अंतर पडते ते येथे मोजूनच दिसते.

चिन्हांचा कोश

आता आकृत्यांकडे वळावे. चिन्हांसाठी सर्वांत उपयोगी ग्रंथ चेझारे रिपा याचा ‘इकोनोलोजिया’. तो १५९३ मध्ये रोमला चित्रांशिवाय निघाला आणि १६०३ मध्ये सचित्र झाला. चित्रकार, शिल्पकार, कवी आणि मिरवणुकांचे देखावे रचणारे कारागीर तो समोर ठेवून काम करीत. त्यातली युरोप मुकुटधारी असून तिच्या हातात मंदिर आहे, म्हणजे खरा धर्म तिच्याकडे. तिच्याभोवती राजमुकुट, घोडा, शस्त्रे, पुस्तके, घुबड आणि वाद्ये आहेत. आशियाच्या डोक्यावर फुलांचा गजरा, अंगावर भरजरी वस्त्र, एका हातात मिरी, लवंग आणि दालचिनीच्या जातीचा कॅशिया यांच्या फांद्या, दुसऱ्या हातात धुमसणारे धूपपात्र आणि शेजारी बसलेला उंट. आफ्रिकेचे हत्तीमस्तक वर सांगितलेच. तिच्या गळ्यात पोवळी, एका हातात विंचू आणि दुसऱ्या हातात कणसांनी भरलेले समृद्धीचे शिंग असते, पायाशी सिंह आणि साप. अमेरिका जवळजवळ नग्न, डोक्यात पिसे, हातात धनुष्यबाण, पायाखाली बाणाने विद्ध केलेले माणसाचे मुंडके आणि बाजूला मगरीसारखा सरडा.

ही यादी पाठ करण्याची नाही. तिच्यातील असमतोल पाहण्याची आहे. युरोपच्या भोवती जे आहे ते बहुतेक माणसाने घडवलेले आहे. इतर तिघींच्या भोवती जे आहे ते बहुतेक जमिनीतून उगवलेले, रानात फिरणारे किंवा बाजारात विकले जाणारे आहे. आशियाला भरजरी वस्त्र मिळाले खरे, पण पुस्तक मिळाले नाही. गंमत अशी की मिरी आणि लवंग ज्या हातात दिली आहे, त्या हाताची ओळख युरोपातील ग्राहकाला मुख्यतः मसाल्याच्या पुडीवरूनच झालेली होती, आणि चित्रकाराने ती लपवलेलीही नाही.

एक पान सावकाश वाचून पाहू

पद्धत पक्की करण्यासाठी नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियसच्या ‘थिएट्रम ऑर्बिस टेरारम’ या नकाशासंग्रहाचे मुखपृष्ठ निवडावे. हा संग्रह २० मे १५७० रोजी अँटवर्पमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत ५३ नकाशे होते. मुखपृष्ठ एखाद्या कमानीदार दरवाजासारखे बांधलेले आहे. सर्वांत वर युरोप सिंहासनावर बसलेली आहे. मुकुट, राजदंड आणि क्रूस लावलेला गोल ही तिची चिन्हे. खालच्या टप्प्यावर एका बाजूला आशिया रत्नजडित पोशाखात, हाती धूपपात्र घेऊन उभी आहे. दुसऱ्या बाजूला आफ्रिका आहे. तिच्या मस्तकाभोवती सूर्याचे किरण आहेत आणि हातात बाल्सम या सुगंधी झाडाची डहाळी. अगदी तळाशी अमेरिका जमिनीवर पसरलेली, नग्न, एका हातात सोटा आणि दुसऱ्या हातात पुरुषाचे कापलेले मुंडके धरलेली. तिच्याशेजारी एका स्त्रीचा केवळ छातीपर्यंतचा पुतळा आहे आणि त्यापाशी ज्वाला आहे.

आधी उंची पाहावी. वर कोण, खाली कोण, बसलेले कोण, उभे कोण, आडवे कोण, हे चिन्हांच्याही आधी नोंदवावे. या पानावर सिंहासनावर बसण्याचा अधिकार एकीलाच आहे, दोघी उभ्या आहेत आणि एक जमिनीवर आहे. त्यानंतर वस्त्र पाहावे. वरून खाली येताना अंगावरचे कापड कमी होत जाते. आशियाचा भरगच्च पोशाख, आफ्रिकेचे नाममात्र वस्त्र आणि अमेरिकेची नग्नता ही उतरंड योगायोगाने आलेली नाही. मग हातांकडे यावे. राज्य करणारा हात, सुगंध देणारा हात, वनस्पती धरणारा हात आणि मारणारा हात, असे चार हात वेगळे लिहून काढले की पानाचा युक्तिवाद समोर येतो : जगाची व्यवस्था लावण्याचे काम वरच्या बाईचे आहे.

उरला तो अर्धा पुतळा. दक्षिण गोलार्धात एक प्रचंड भूखंड असलाच पाहिजे, अशी त्या काळच्या भूगोलवेत्त्यांची खात्री होती आणि त्याला मॅगेलानिका असे नाव दिलेले होते. तो कोणी पुरता पाहिलेला नव्हता, म्हणून त्याची बाईही पुरती घडवलेली नाही. ज्वाला तिएरा देल फुएगोची, कारण मॅगेलनच्या खलाशांना सामुद्रधुनीच्या दक्षिणेला विस्तव दिसले होते. अज्ञान दाखवण्याची इतकी प्रामाणिक आणि सुबक युक्ती मला दुसऱ्या कोणत्याही मुखपृष्ठावर आढळली नाही. या पानाचा अर्थ उलगडणारी लॅटिन कविताही ग्रंथात छापलेली आहे. असे स्पष्टीकरण जेथे मिळते तेथे ते चित्र पाहून झाल्यावरच वाचावे. आधी वाचल्यास डोळा तेवढेच पाहतो.

नकलेची वंशावळ

या विषयात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा टप्पा हा आहे. समोरच्या चित्रातील प्रत्येक विचित्र गोष्टीसंबंधी एकच प्रश्न विचारावा : ही पाहून काढली, ऐकून काढली, की दुसऱ्या चित्रावरून उचलली?

ऐकून काढलेल्या चित्राचा नमुना म्हणून जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररचा गेंडा प्रसिद्ध आहे आणि तो गेंडा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला तो भेट दिला, अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून तो पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे रवाना केला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. ड्यूरर न्यूरेंबर्गला होता. कोणी पाठवलेले वर्णन आणि रेखाटन यांच्या आधारे त्याने त्याच वर्षी लाकडी ठसा तयार करवला. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे एक जादा छोटे शिंग आहे. पोपला भेट म्हणून पाठवलेला तो बिचारा प्राणी १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला, पण त्याचे ते पाठीवरचे शिंग दोनशेहून अधिक वर्षे ग्रंथांतून तरंगत राहिले. म्हणून कोणत्याही जुन्या चित्रात आशियाच्या किंवा आफ्रिकेच्या पायाशी गेंडा दिसला की प्रथम त्याच्या पाठीवर भिंग न्यावे. ते शिंग असेल, तर कोरणाऱ्याच्या समोर प्राणी नव्हता, ड्यूररचा कागद होता.

उचलून दुसरीकडे लावलेल्या गोष्टींत पिसांचा घागरा सर्वांत प्रवासी ठरला. मूळचा तो ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांच्या वेशाशी जोडलेला. सम्राट मॅक्सिमिलियनच्या विजययात्रेची जी प्रचंड लाकडी ठशांची मालिका १५१६ नंतरच्या वर्षांत कोरली गेली, तिच्यात कालिकतचे लोक म्हणून जे दाखवले आहेत त्यांनी पिसांचे घागरे घातले आहेत आणि त्यांच्याजवळ मक्याची कणसेही आहेत. मका अमेरिकेचा. चित्रकाराच्या दृष्टीने दूरचा माणूस तो दूरचा माणूस. कालिकत आणि ब्राझील यांच्यामधला महासागर त्याच्या मेजावर मावत नव्हता. त्यामुळे पिसे दिसली की अमेरिका, हे समीकरण डोळे मिटून लावू नये. प्राणी, पीक, वस्त्र आणि घर यांची स्वतंत्र नोंद करून ती खरोखर एकाच भूमीतील आहेत का, हे पडताळावे.

मार्टेन द व्हॉसच्या रेखाटनावरून ॲड्रियान कोलार्टने कोरलेली चार खंडांची मालिकाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यात आशिया उंटावर, आफ्रिका मगरीवर आणि अमेरिका चक्क एका अवाढव्य आर्माडिलोवर स्वार झालेली आहे. खवल्यांच्या कवचातला हा प्राणी माणसाला पाठीवर घेण्याइतका कधीच नसतो. वाहन पाहिजे, आणि ते नव्या जगातलेच पाहिजे, एवढ्या गरजेतून त्याला घोड्याचा आकार मिळाला आहे.

आपले देव त्यांच्या पत्र्यावर

देवतांच्या चित्रांपाशी मराठी वाचक हटकून रागावतो, आणि राग आला की वाचन थांबते. लुडोव्हिको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाने १५१० मध्ये छापलेल्या आपल्या वर्णनात कालिकतच्या राजाच्या देवघरातील मूर्तीला सैतानाचे रूप दिले : तीन मजली मुकुट, शिंगे, वासलेले तोंड आणि कोंबड्याचे पाय. १५१५ च्या जर्मन आवृत्तीसाठी यॉर्ग ब्रॉयने ते वर्णन लाकडी ठशात उतरवले. असे चित्र पुढे आले की प्रथम पश्चिम युरोपातील चर्चच्या भिंतींवरचे नरकाचे देखावे शोधून शेजारी ठेवावेत. शिंगे, पंजे आणि माणसे गिळणारे तोंड तेथलेच निघते. केरळातील मूर्तीविषयी या चित्रातून जवळजवळ काहीच कळत नाही. ख्रिस्ती चित्रकाराला परक्या देवासाठी कोणता साचा हाताशी होता, हे मात्र पुरते कळते.

प्रत्यक्ष राहून आलेल्या माणसाच्या पुस्तकातही हा साचा सुटत नाही, हे यान हाउखेन फान लिन्सखोटेनच्या बाबतीत दिसते. हा डच तरुण १५८३ पासून पाचेक वर्षे गोव्यात आर्चबिशपचा कारकून होता, आणि त्याचे ‘इटिनेरारिओ’ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाले. त्यातील गोव्याच्या बाजाररस्त्याचे चित्र पाहावे. पालख्या, छत्र्या, लिलाव आणि नाना जातींची गर्दी यांत डोळ्यांनी पाहिल्याचा भरवसा आहे. त्याच पुस्तकातील देवळाच्या चित्रात मूर्ती मात्र राक्षसी आहे. घाट उतरले की लागणाऱ्या गोव्याविषयीचे हे दोन पत्रे कोल्हापूरच्या वाचकाने एकत्र वाचले, तर एकाच ग्रंथात पाहिलेले कोठे संपते आणि ठरलेले कोठे सुरू होते, याची रेघ ओढण्याचा उत्तम सराव होईल.

नकाशाच्या कोपऱ्यातील चित्र

अठराव्या शतकात रूपकाने मुखपृष्ठावरून नकाशाच्या कोपऱ्यात, शीर्षकाच्या चौकटीत मुक्काम हलवला. इंग्रज भूमापक जेम्स रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशावर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, उभी असून ब्राह्मण पंडित तिच्या हाती आपले धर्मग्रंथ सोपवीत आहेत. सोबतच्या स्पष्टीकरणात रेनेलने लिहिले आहे की ब्रिटानिया त्या ग्रंथांना आपल्या संरक्षणाखाली घेत आहे. ती ज्या चबुतऱ्याच्या आधाराने उभी आहे त्यावर इंग्रजांच्या विजयांची नावे कोरलेली आहेत, आणि पोर्टो नोव्हो व शोलिंगूर ही ताजी नावे एक शिपाई आपल्या सोबत्याला बोटाने दाखवीत आहे.

येथे रिपाच्या आशियाशी तुलना करावी. तेव्हा तिच्या हातात मसाला होता. आता आशियाच्या वतीने पुरुष आले आहेत आणि त्यांच्या हातात पुस्तक आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आता केवळ माल नको होता, कायदा चालवायचा होता, आणि त्यासाठी धर्मशास्त्र हवे होते. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट करावी : नकाशाचे वर्ष घेऊन चित्रात काय नाही ते शोधावे. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला मराठ्यांपुढे तह करावा लागला होता आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. विजयांच्या चबुतऱ्यावर अशा घटनांना जागा नसते. चित्रातील अनुपस्थिती शोधण्यासाठी बाहेरचा इतिहास माहीत असावा लागतो, आणि तो येथे आपल्याला युरोपीय अभ्यासकापेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे.

हेच व्याकरण पुढे आपल्याकडच्या चित्रकारांनीही वापरले. अवनींद्रनाथ ठाकूरांच्या १९०५ च्या भारतमातेच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि माळ आहे. तिचे वाचन वरील पद्धतीनेच करता येते, फक्त कोणता कोश लावायचा याचा निर्णय प्रत्येक हातापाशी वेगळा घ्यावा लागतो.

फ्लॉरेन्सचे एक टोक

यान फान डर स्ट्राट, ऊर्फ स्ट्राडानस, हा फ्लेमिश चित्रकार फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झाला होता. त्याच्या रेखाटनावरून कोरलेल्या प्रसिद्ध पत्र्यात अमेरिका झोळीतून उठून बसते आहे आणि तिच्यापुढे दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची एका हातात ध्वज आणि दुसऱ्या हातात ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण, घेऊन उभा आहे. पाठीमागे जहाजे, मध्ये मुंगीखाऊसारखे प्राणी आणि दूरवर विस्तवावर भाजला जाणारा माणसाचा पाय. व्हेस्पुची फ्लॉरेन्सचा, म्हणून हा सारा थाट. दूरचा भूखंड निजलेला होता आणि आमच्या गावच्या माणसाने त्याला जागे केले, असा त्या शहराचा हा दावा आहे.

त्याच फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमापाशी, कॅशिने उद्यानात त्यांचे स्मारक आहे. छत्रीखाली चार्ल्स फुलरने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो रूपकात्मक नाही. त्याला चेहरा आहे, नाव आहे, जन्म-मृत्यूचे वर्ष आहे. तरीही शहरात ते ‘इंडियानो’चे, म्हणजे कोणा एका भारतीयाचे स्मारक म्हणून ओळखले जाते, आणि जवळच्या पुलालाही तेच नाव पडले. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने स्ट्राडानसचा पत्रा आणि या स्मारकाचे छायाचित्र यांच्यावर मिळून टिपण लिहावे. एका बाजूला भूखंडाची झालेली बाई आहे, दुसऱ्या बाजूला एका माणसाचा होऊ घातलेला देश.

टिपण आणि प्रत

टिपण लिहिताना पानाचे तीन उभे भाग पाडावेत. पहिल्यात केवळ दिसते ते लिहावे, म्हणजे ‘स्त्री, डावा हात वर, हातात धूर निघणारे भांडे’. दुसऱ्यात त्याचा अर्थ लिहावा. तिसऱ्यात तो अर्थ कशावरून काढला, ते लिहावे : रिपा, ग्रंथातील कविता, दुसरे छापचित्र, किंवा स्वतःचा तर्क. तिसरा भाग रिकामा राहिला, तर दुसऱ्यातले वाक्य पेन्सिलीने लिहावे. या चित्रांवरून तत्कालीन भारतीय वेश, विधी किंवा वास्तू यांच्याविषयी विधान करावयाचे असेल, तर समकालीन भारतीय शिल्प, चित्र किंवा लेख यांचा स्वतंत्र आधार मिळेपर्यंत ते करू नये.

मूळ प्रत विकत घेण्याचा मोह झाल्यास कागद उजेडासमोर धरावा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या हातकागदात बहुधा समांतर रेषा आणि कधी जलचिन्ह दिसते. रंग भरलेली प्रत अधिक किमतीला सांगितली जाते, पण रंग पुष्कळदा शेदीडशे वर्षांनी, फ्रेमसाठी, नव्याने भरलेला असतो. अभ्यासाला बिनरंगी प्रत अधिक चांगली, कारण रेषा झाकली जात नाही. ग्रंथातून कापून काढलेले पान घेण्यास माझा विरोध आहे, मग ते कितीही सुंदर असो. प्रत घरी आलीच, तर तिला लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये, आम्लरहित पुठ्ठ्यात बसवून काच आणि कागद यांच्यात फट ठेवावी. आपल्याकडील पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेमला आतून बुरशी धरते. जूनपूर्वी ती उतरवून आतल्या कोरड्या भिंतीवर न्यावी आणि दिवाळीनंतर मागची बाजू उघडून एकदा तपासावी.